झाकली मूठ आरोग्याची

नोव्हेंबर महिना हा बँकेच्या शाखांतून निवृत्तिवेतनधारकांचा महिना असतो. हयातीचा दाखला देण्यासाठी ज्येष्ठ मंडळी सकाळपासूनच येऊन बसतात, एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस करतात, आणि रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांची चर्चा पासबुकातील नोंदींइतक्याच सहजतेने चालते. इंदूर येथील आमच्या शाखेत अशाच एका सकाळी एक निवृत्त शिक्षक माझ्या टेबलाशी येऊन बसले. आम्ही सारे त्यांना ‘गुरुजी’ म्हणतो. दाखल्याचे काम आटोपले, तरी ते उठले नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांची फसवणूक झाली होती, हे आम्हाला ठाऊक होते. पत्नीला एका मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांना दाखवायचे होते. गुरुजींनी इंटरनेटवर रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक शोधला आणि जो क्रमांक सर्वांत वर दिसला तोच फिरवला. पलीकडच्या अतिशय नम्र आवाजाने रुग्णाचे नाव, वय, आजार, चालू असलेली औषधे, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया असे सारे विचारून घेतले. मग नोंदणीचे केवळ दहा रुपये भरण्यासाठी एक लिंक पाठवली आणि एक अ‍ॅप मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगितले. संध्याकाळपर्यंत खात्यातून अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले. तो क्रमांक रुग्णालयाचा नव्हताच. गुरुजी त्याच दिवशी धावत आले, आम्ही कार्ड बंद केले, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली.

त्या सकाळी मात्र ते पैशांविषयी बोलायला बसले नव्हते. ते म्हणाले, “साहेब, पैसे गेले ते गेले. पण हिच्या आजाराविषयी मी त्या माणसाला सगळं सांगून बसलो. हिनं ते आमच्या सुनेलाही कळू दिलं नव्हतं. आता रोज कुणाचे तरी फोन येतात. नाव घेऊन विचारतात, ‘बाईंचा अमुक आजार आता कसा आहे, आमच्याकडे खात्रीचं औषध आहे.’ ही फोन वाजला की दचकते. तुम्ही कार्ड बंद केलंत. हे बंद करायची काही सोय तुमच्या बँकेत आहे का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या अनुत्तरित प्रश्नातूनच जन्माला आला आहे.

पैसा आणि प्रकृती

बँकेला गुप्तता नवीन नाही. राष्ट्रीयीकृत बँकांसंबंधीच्या १९७० च्या कायद्यातील १३ वे कलमच विश्वास व गुप्तता या कर्तव्यांविषयी आहे. ग्राहकाची शिल्लक किती, कर्ज किती, हे त्रयस्थास सांगायचे नाही, हा आमच्या पेशाचा पहिला धडा. वैद्यकाच्या पेशातही हा धडा तितकाच जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू नव्या शिष्याला जो उपदेश करतो त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. सावकाराची वही आणि वैद्याचे कान, दोन्ही झाकलेलेच असावेत अशी आपल्या समाजाची अपेक्षा पूर्वापार आहे.

आधुनिक कायद्यानेही या दोहोंना एकाच पंक्तीत बसविले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम झाले, त्यांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ची यादी दिली होती. पासवर्ड, बँक खाते व कार्ड यांचा तपशील, शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बोटांच्या ठशांसारखी जैविक माहिती ही सारी त्या एकाच यादीत होती.

परंतु या दोन प्रकारच्या माहितीत एक मूलभूत फरक आहे, आणि गुरुजींच्या प्रश्नाने तो माझ्या ध्यानी आणून दिला. कार्डाचा क्रमांक फुटला तर नवे कार्ड मिळते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. एखाद्याला अपस्मार आहे, एखादीवर नैराश्याचे उपचार सुरू आहेत, एखाद्या दांपत्याला मूल होण्यासाठी औषधोपचार घ्यावे लागत आहेत, ही माहिती एकदा बाहेर पडली की ती परत घेता येत नाही. आजार ‘ब्लॉक’ करून नवा आजार देण्याची सोय कोणत्याही बँकेत नाही. येथे हानी रुपयांत मोजता येत नाही. ती विवाहाच्या बैठकीत, नोकरीच्या मुलाखतीत, शेजाऱ्यांच्या नजरेत भोगावी लागते.

एका अहवालाचा प्रवास

तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्या आजाराचा सारा इतिहास घराजवळच्या डॉक्टरांच्या कपाटातील एका केसपेपरवर मावत असे. ते कपाट, कंपाउंडर आणि डॉक्टर यांच्यापलीकडे तो सहसा जात नसे. आज साध्या रक्तचाचणीचा अहवाल कुठे कुठे फिरून येतो ते पाहू.

रक्त घेण्यासाठी घरी आलेला तरुण आपले नाव, वय व चाचण्या स्वतःच्या मोबाइलमध्ये भरतो. प्रयोगशाळेच्या संगणकात अहवाल तयार होतो. त्याची लिंक एसएमएसने येते. अहवालाला पासवर्ड असलाच, तर तो पुष्कळदा नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा, म्हणजे आपल्या ओळखीच्या कोणालाही सहज उकलता येईल असा असतो. आपण तो अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला पाठवितो, मुलगा आपल्या डॉक्टर मित्राला. कागदावर प्रत हवी म्हणून आपण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि दुकानदाराच्या ई-मेलवर अहवाल धाडतो. छापील प्रत घेऊन आपण घरी येतो, पण मूळ अहवाल त्या दुकानातील संगणकावर, इतर शेकडो लोकांच्या आधारकार्डांशेजारी, तसाच पडून राहतो. पुढे विम्याचा दावा केला, तर तोच अहवाल रुग्णालयाच्या विमा कक्षातून मध्यस्थ संस्थेकडे व तेथून विमा कंपनीकडे जातो. विमा कार्यालयामार्फत काढलेला असेल, तर कधीकधी कागद आस्थापना विभागाच्या टेबलावरूनही जातात.

यांतले प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे पाहिले तर सोयीचे आणि निरुपद्रवी वाटते. परंतु एक केसपेपर आता आठ-दहा ठिकाणी आहे, आणि त्यांतील निम्म्या ठिकाणांची आपल्याला आठवणही नाही.

घडलेल्या घटना काय सांगतात?

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे सुमारे ४३ हजार अहवाल इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील अशा स्थितीत आढळले. त्यांत एचआयव्ही चाचण्यांचे अहवालही होते. येथे कुलूप फोडणारा चोर कोणी नव्हता, कारण दाराला कुलूपच नव्हते.

२०२० च्या सुमारास ग्रीनबोन या जर्मन संस्थेने जगभरातील वैद्यकीय प्रतिमांच्या साठ्यांची पाहणी केली. एक्स-रे, सीटी स्कॅन यांसारख्या भारतीय रुग्णांच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा पुरेशा संरक्षणाविना इंटरनेटशी जोडलेल्या असल्याचे तिला दिसले.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे ‘एम्स’वर, खंडणीखोर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. रुग्णांची नोंदणी, अहवाल, बिले ही सारी कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. माहितीची सुरक्षितता म्हणजे केवळ गुप्तता नव्हे, हे या घटनेने दाखविले. हवी तेव्हा माहितीच मिळाली नाही, तर उपचारही अडतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये देशातील एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवर उपलब्ध केली जात असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. त्यांत ओळखपत्रांच्या प्रतींबरोबरच चाचण्यांचे अहवाल आणि रोगनिदानही होते.

सर्वांत हृदयद्रावक उदाहरण फिनलंडचे आहे. तेथील ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या कंपनीतून सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरल्या गेल्या. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि ती न मिळताच २०२० च्या ऑक्टोबरमध्ये थेट रुग्णांना पत्रे धाडली : दोनशे युरो द्या, नाहीतर तुम्ही उपचारकाला जे सांगितले ते जगजाहीर होईल. पती-पत्नींमधील कलह, बालपणीचे आघात, अशा केवळ बंद दाराआड उच्चारलेल्या गोष्टी त्या नोंदींत होत्या. पुढल्या वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आलेला ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन जनुकचाचणी कंपनीचा प्रकार तर आपणा सर्वांना शहाणे करणारा आहे. अनेक ग्राहकांनी इतरत्र वापरलेला, पूर्वीच फुटलेला पासवर्ड येथेही ठेवला होता. त्यामुळे चोरांना सुमारे १४ हजार खाती सहज उघडता आली. परंतु या खात्यांतून दूरच्या नातलगांचा शोध घेण्याची सोय होती. तिच्या वाटेने जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती पडली. निष्काळजीपणा मोजक्यांचा होता, झळ मात्र नातलगांना पोहोचली.

माझ्याच हातून घडलेली चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगताना स्वतःची चूक लपविणे बरे नव्हे. आमचे कुटुंब नागपूर, पुणे, बडोदे आणि न्यू जर्सी असे विखुरलेले आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरील कौटुंबिक गट हाच आमचा वाडा. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला झटके येऊ लागले. नागपूरहून वहिनींनी तपासणीचा अहवाल काळजीपोटी फक्त मला पाठविला. गटात एक डॉक्टर मावसभाऊ आहेत, त्यांचे मत घ्यावे म्हणून मी तो घाईत त्यांना स्वतंत्रपणे न पाठविता गटातच टाकला. बेचाळीस माणसांच्या गटात! चूक ध्यानी येताच मी तो पुसला. पण तेवढ्या वेळात ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता, आणि कोणीतरी तो सद्‍भावनेनेच आपल्या ओळखीच्या वैद्यांना पुढे पाठविला होता.

पुतणी आता पूर्ण बरी आहे, नोकरी करते. परंतु दोन वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच भेटीत समोरच्या मंडळींनी त्या आजाराविषयी विचारले. हा विषय ती स्वतःच, योग्य वेळी, आपल्या शब्दांत मुलाला सांगणार होती. तो अधिकार मी तिच्याकडून काढून घेतला. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एवढेच म्हणाली, “काका, लपवायचं नव्हतंच मला. पण सांगायचं मला होतं.”

आरोग्यविषयक गुप्ततेची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेली नाही.

कायद्याचे संरक्षण

तरीही कायदा माहीत असावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला, आणि एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने संमतीविना कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास, काही ठरावीक अपवाद वगळता, मनाई केली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे स्पष्ट भाषेत सांगणे, दिलेली संमती मागे घेण्याची सोय ठेवणे, आणि माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळविणे ही कर्तव्ये त्यात आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला.

आपल्या नोंदी आपल्याला मिळणे हाही हक्कच आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत नोंदी द्यावयाच्या असतात.

‘आभा’ आणि संमतीची किल्ली

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाविषयी ग्राहक आम्हालाही विचारतात. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. आपल्या नोंदी एखाद्या केंद्रीय गोदामात जमा होत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाहावयाच्या असतील, तर आपल्याकडे संमतीची विनंती येते. त्या विनंतीत कोण मागतो, कशासाठी, कोणत्या कालावधीच्या नोंदी आणि किती दिवसांसाठी हे नमूद असते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर लॉकरची किल्ली आपल्याच हाती असते. म्हणून ‘मान्य’ हे बटण दाबण्यापूर्वी त्या चार ओळी वाचाव्यात. दाताच्या दुखण्यासाठी दहा वर्षांचा सारा इतिहास उघडून देण्याची गरज नसते.

जपणे वेगळे, लपविणे वेगळे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुप्तता म्हणजे सर्वांपासून सर्व काही लपविणे नव्हे. आपल्या डॉक्टरांना संपूर्ण सत्य सांगितलेच पाहिजे, अन्यथा चुकीचे औषध दिले जाण्याचा धोका संभवतो. आरोग्य विम्याच्या प्रस्तावपत्रातही पूर्वीचे आजार प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजेत. विमा हा परम विश्वासाचा करार आहे, आणि दडवलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी अंगलट येते. ज्याला जेवढे कळणे आवश्यक आहे त्याला तेवढे, योग्य मार्गाने कळावे, आणि ते कळविणारे आपण असावे, एवढाच गुप्ततेचा अर्थ.

हे अवश्य करावे

१. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक जुन्या केसपेपरवरून, बिलावरून अथवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधात सर्वांत वर दिसणारा क्रमांक खरा असतोच असे नाही.

२. भेटीची वेळ ठरविण्यासाठी कोणी अ‍ॅप उतरवून घेण्यास, मोबाइलचा पडदा दाखविण्यास अथवा ओटीपी सांगण्यास म्हणाला, तर फोन तत्काळ बंद करावा.

३. अहवाल केवळ संबंधित व्यक्तीलाच स्वतंत्रपणे पाठवावा, गटात टाकू नये. पाठविण्यापूर्वी वर कोणाचे नाव आहे ते पुन्हा एकदा वाचावे. दुसऱ्याचा अहवाल त्याला विचारल्याशिवाय पुढे धाडू नये, मग तो आपल्या अपत्याचा का असेना.

४. झेरॉक्सच्या दुकानात छपाई झाल्यावर आपल्यासमोरच मूळ फाइल पुसून घ्यावी. शक्य असल्यास घरच्या प्रिंटरचा वापर करावा.

५. ई-मेल, आरोग्यविषयक अ‍ॅप आणि बँक यांसाठी वेगवेगळे पासवर्ड ठेवावेत, आणि दुहेरी पडताळणीची सोय असेल तेथे ती सुरू करावी. मोबाइलला कुलूप असावे.

६. पावले मोजणाऱ्या, औषधांची आठवण करून देणाऱ्या अथवा मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपना संपर्कयादी, छायाचित्रे व ठिकाण यांची परवानगी देण्यापूर्वी त्याची गरज आहे का, हे पाहावे. अशी माहिती जाहिरातदारांना पुरविल्याच्या आरोपावरून अमेरिकेतील एका औषध-सवलत कंपनीला २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड झाला होता. फुकट मिळणाऱ्या सेवेचे मोल आपण माहितीच्या रूपाने चुकवीत असतो.

७. लसीकरणाचे प्रमाणपत्र, रुग्णालयाच्या पलंगावरील छायाचित्र, औषधाची चिठ्ठी समाजमाध्यमांवर टाकू नये.

८. ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांसाठी आयुष्मान योजनेचा लाभ २०२४ च्या ऑक्टोबरपासून खुला झाला आहे. परंतु त्याचे कार्ड काढून देतो असे सांगून फोनवर ओटीपी अथवा पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

९. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे. पैसे गेले नसले, केवळ माहिती गेली असली, तरीही राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करता येते.

सहकाऱ्यांसाठी दोन शब्द

बँकेतील आपणा सर्वांचेही येथे कर्तव्य आहे. आजारपणासाठी मुदत ठेव मोडायला आलेल्या ग्राहकाला काउंटरवरून मोठ्या आवाजात ‘कुणाला काय झालंय?’ असे विचारण्यात आपली आपुलकी असते, पण मागे रांग उभी असते. ठेव मोडण्यासाठी जेवढे विचारणे आवश्यक आहे तेवढेच विचारावे. सहकाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या बिलांची फाइल टेबलावर उघडी पडू देऊ नये, आणि त्यातील औषधांच्या नावांवरून चहाच्या वेळी तर्क लढवू नयेत. खात्यातील शिल्लक आपण जशी जपतो, तशीच ही शिल्लकही जपावयाची आहे.

गुरुजी परवा पुन्हा शाखेत आले होते. पत्नीचा मोबाइल क्रमांक त्यांनी बदलून घेतला आहे. नवा क्रमांक मोजक्याच घरांत ठाऊक आहे, आणि अनोळखी फोन आता गुरुजी स्वतःच घेतात. “गेलेलं परत येत नाही,” ते म्हणाले, “पण जे अजून घरात आहे, ते तरी राखता येतं.” मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी नव्या रुग्णालयाचा क्रमांक मला दाखविला. तो त्यांनी प्रत्यक्ष खिडकीपाशी जाऊन, स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत लिहून आणला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील म्हणत आले. आरोग्याच्या बाबतीत त्या मुठीचे मोल करता येणार नाही. ती कधी, कोणापुढे आणि किती उघडावी, हे ज्याची मूठ त्यानेच ठरवावे.